टकली बादली

मित्रांनो, मी एक जुनी बादली आहे. प्लास्टिकची, त्यामुळे मरणाचीही सोय नाही. फ्लोरिडातल्या टोमॅटोच्या शेतात मी अकरा हंगाम फिदेन्सिओकाकांच्या खांद्यावर बसून काढले. काका मेक्सिकोतल्या एका डोंगरगावचे. माझी कड खांद्याला रुतू नये म्हणून त्यांनी मला निळी चिंधी गुंडाळली होती. तेवढी माया पुढे कुणी केली नाही.

मजुरी बादलीवर मिळे. करारात लिहिलं होतं, बादली काठोकाठ. पण मुकादम नाबोरला वर शीग लागे. शिगेला तिथे 'तुरा' म्हणत. तुरा नसला की तो बादली परत पाठवी. "टकली आहे. केस लावून आण." आठ बादल्यांच्या तुऱ्यांत एक बादली अशी फुकट जाई.

अखेर काकांनी आणि सोबतच्या सहा जणांनी बुडालेल्या मजुरीसाठी फेडरल कोर्टात दावा लावला. हरले असते तर मजुरी गेलीच असती, शिवाय पुढच्या हंगामाला कुणी दारात उभं केलं नसतं. मला पुरावा म्हणून नेलं. त्याआधी मला आयुष्यातली पहिली अंघोळ घडली.

नाबोरने शपथेवर सांगितलं की तुरा हा शब्द त्याच्या कानावरही नाही. मग मालकाच्या वकिलाने टोमॅटो मागवले आणि काकांना नियमाप्रमाणे मला भरायला लावलं. अकरा वर्षांत प्रथमच काका काठाशी थांबले. "एवढंच मागितलं जात होतं," म्हणत वकील समाधानाने हसले.

तेवढ्यात मागच्या बाकावरून नाबोर सवयीने म्हणाला, "टकली आहे, काका."

दुभाष्याने चेहरा न हलवता भाषांतर केलं. वकिलांचा हात नकळत स्वतःच्या डोक्यावर गेला. न्यायाधीशबाईंनी विचारलं, कोण टकलं?

"बादली, बाईसाहेब," काका म्हणाले. "तो तुरा मागतोय."

मजुरी मिळाली. गावी जाण्याआधी काका मला मागायला आले. पुरावा परत मिळत नाही, असं कारकून म्हणाला. काकांनी चिंधीची गाठ घट्ट केली आणि ते गेले.

मित्रांनो, कुणाकडून माप घ्याल तेव्हा काठ बघा. वरचा तुरा कुणाच्या तरी पाठीतून निघालेला असतो.

मी आता कोर्टाच्या कोठीत असते. कारकून माझ्यात छत्र्या ठेवतो. त्या काठाच्या बऱ्याच वर येतात; कुणी काही म्हणत नाही. वजनही काही नसतं. मला खांदा आठवतो.