लाल पट्टी

मित्रांनो, माझ्या उजव्या कुशीला एक खोल पोचा आहे. तो कसा पडला हे सांगितलं, की माझी बरीचशी गोष्ट सांगून होते.

मी मारामारीचा जुना व्हिडिओ गेम आहे. माणसाएवढं खोकं, काचेचा पडदा, दोघांसाठी दोन दांडे आणि ठोशाची बटणं. एका मेकॅनिकने मला भंगारातून आणलं, आठवडाभर खपून माझ्या तारा जोडल्या आणि आपल्या दुरुस्तीच्या दुकानात उभं केलं.

माझी एक खोड होती. ज्याचा जीव संपत येई त्याच्या बाजूला लाल पट्टी पेटे आणि त्याचा ठोसा तिप्पट लागे. हरणारा क्षणात जिंके. मग दुसरा माझ्यावर हात उगारी.

"अख्खा डाव मी खेळलो आणि जिंकला हा? चोर आहे हे खोकं!"

"खोक्यावर कशाला राग काढतोस?" मेकॅनिक हसे. "पट्टी पेटली की लांब राहावं माणसाने."

शाळा सुटली की त्याची मुलगी येई. बापलेकीचा रोज एक डाव ठरलेला. ती हरत हरत येई आणि लाल पट्टीवर जिंके.

"बाबा, म्हातारे झालात!"

"झालो खरा, बाई."

ती यायच्या आधी तो माझ्या मागे वाकून काय करी, ते मला ठाऊक होतं. पंधराव्या वर्षी तिने माझं मागचं दार उघडलं. पेचकस धरायला त्यानेच शिकवलं होतं. आत प्रत्येक बाजूच्या पट्टीचा एकेक खटका होता. तिचा चालू होता, त्याचा बंद.

"म्हणजे मी एकदाही जिंकले नाही?"

"अगं, तू रोज यावीस म्हणून..."

तिने मला लाथ घातली. तोच हा पोचा. त्यानंतर ती खेळली नाही. पुढे नोकरीसाठी दूर गेली. तो फोनवर म्हणे, "आपला डाव राहिलाय गं." ती म्हणे, "येते पुढच्या सुट्टीत."

ती आली तेव्हा त्याचं अर्धं अंग लुळं पडलं होतं. तिने त्याची चाकाची खुर्ची माझ्यापुढे आणली, त्याचा खटका चालू केला, आपला बंद केला. त्याचा जीव केसाएवढा उरल्यावर ती थांबली. त्याच्या बाजूला लाल पट्टी पेटली.

"बाबा, मारा. एकच बटण."

त्याचं बोट बटणावर होतं. ते दाबलं गेलं नाही. माझं घड्याळ शून्यावर आलं आणि पडद्यावर तिचं नाव उमटलं.

"जिंकलीस," तो अडखळत म्हणाला. "या वेळी... खरी."

ती माझ्या पोच्याला टेकून रडली.

तो गेल्यापासून दुकान बंद असतं. ती कधीतरी येते, काच पुसते, पण मला सुरू करत नाही. त्याचा खटका अजून चालूच आहे.

मित्रांनो, हरत आलेल्याला मी तिप्पट बळ देतो. संपलेली वेळ मात्र मला देता येत नाही. घरात कोणी तुमच्याशी मुद्दाम हरत असेल, तर रागवा हवं तर. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळायला बसा.