शेवटचा टाळकरी

या, असे पुढं सरका. पखवाजाला कणीक लागेस्तोवर एक गोष्ट सांगतो. अंगावर काटा आला तर शेजारच्याचा हात धरा. कीर्तनाला आपण एवढ्याचसाठी तर खेटून बसतो.

शहाण्णव सालची खंडेनवमी. बारामतीच्या एका दवाखान्यात युनिक्स नावाच्या प्रणालीवर चालणारं मोठं संगणक-यंत्र होतं. इंदापूर-बारामतीकडच्या गावोगावच्या रक्तदात्यांची नावं त्यात होती. ती भरली होती कळंबच्या महिपतीनं. गडी भजनी मंडळातला टाळकरी. बोटं कळांवर, जिभेवर विठ्ठल. श्रावणात तो गेला आणि यंत्र त्याच्या जागी आलेल्या मेघनाच्या हाती आलं.

जुन्या डिस्क कुरकुरायला लागल्या होत्या. मेघनानं दोन नव्या जोडल्या, सगळी माहिती त्यांवर उतरवली आणि यंत्र बंद करून जुन्या काढल्या. त्यातली शेवटची, शिपाई जोतीरामनं मागून घेतली. खोलीतल्या फळीवर महिपतीच्या फोटोपुढं ठेवून हळदकुंकू वाहिलं, झेंडूनं पार झाकून टाकली. खंडेनवमीला हत्यारं पुजायचीच.

मेघनानं बटण दाबलं. यंत्र घुरघुरलं आणि पडद्यावर ओळ उमटली: ज्या डिस्कवरून सुरू व्हायचं, ती सापडत नाही. तिनं केबल दाबून बघितली, जागांचे क्रमांक तपासले. सगळं बरोबर. मग यंत्राला डिस्क मोजायला लावल्या. जोडलेल्या दोनच, पण पडद्यावर सगळ्या जागा भरलेल्या! रिकाम्या जागांवरूनही कुणीतरी ‘ओ’ देत होतं.

तेवढ्यात दारात कुशाबाई उभी राहिली. तिची लेक कौसल्या आत बाळंत झाली होती, आणि रक्त थांबत नव्हतं.

“बाई, डाक्टर म्हणत्यात ओ निगेटिव्ह लागतंय, हितं न्हाय. पुण्याहून यायला सांज व्हईल, तवर पोर टिकायची न्हाय. देणाऱ्यांची नावं तुमच्या डब्यात हायती न्हवं?”

“आहेत, मावशी. पण डबाच बोलत नाहीये.”

“मग बोलता करा की!”

मेघनानं पुन्हा बटणाकडं हात नेला आणि तो तसाच राहिला. छिन्... छिन्...

“जोतीरामतात्या, टाळ कोण वाजवतंय?”

जोतीराम पांढराफटक पडला. “तुमाला बी ऐकू येतंय व्हय? मला वाटलं, मलाच याड लागलं.”

आवाज फळीवरून येत होता. त्या डिस्कला ना वीज, ना वायर; तरी झेंडूची फुलं थरथरत होती.

“महिपतीच हाय,” जोतीराम पुटपुटला. “रांगंच्या शेवटाला ह्योच उभा ऱ्हायचा. चाल ह्योच थांबवायचा. ह्यो नसला की सूर भिंतीवर आपटून माघारी यायचा. वाटायचं, नसलेली माणसं गात्यात.”

रांगेचा शेवट! मेघनाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. डिस्कच्या साखळीलाही शेवटी एक बोटभर टोपी लागते. ती नसली की संदेश टोकावर आपटून परत फिरतात, आणि यंत्राला नसलेल्या डिस्क दिसतात. ती टोपी जुन्या डिस्कलाच राहिली होती. झेंडूखाली!

ती फळीकडं धावली. जोतीराम आडवा आला. “पूजलेलं हत्यार आज हलवायचं न्हाय, म्याडम! त्यात ते त्याचं...”

“व्हय बाजूला, मुडद्या!” कुशाबाई कडाडली. “पाप लागलं तर माज्या पदरात घाल. माजी लेक तिकडं गार पडत चाललीया.”

जोतीरामनं फोटोला हात जोडले आणि स्वतःच फुलं सारली. टोपी काढताना त्याची बोटं दचकली. हातातला टाळ नुकताच खाली ठेवावा, तशी ती कोमट होती.

मेघनानं ती नव्या डिस्कच्या टोकाला बसवली. छिन् थांबलं. यंत्र सुरळीत उठलं.

तिनं यंत्राला ओ निगेटिव्ह देणारे विचारले. पहिलंच नाव आलं: महिपती, मुक्काम कळंब. ते पुसायचा कुणाला धीर झालाच नव्हता. दुसरं नाव वालचंदनगरच्या हिंदुरावांचं. फोन गेला तसे हिंदुराव जीप घेऊन निघाले.

दिवेलागणीला कौसल्येनं डोळे उघडले. इकडंतिकडं बघत म्हणाली, “आये, पायाशी टाळ घिऊन उभा हुता त्यो बाबा कुठं गेला?”

कौसल्येनं महिपतीला कधी पाहिलंही नव्हतं.

लागली कणीक? बरं, धरा टाळ. आज अभंग म्हणताना रांगेच्या शेवटाला कोण उभं आहे, तिकडं एकदा बघा, आणि आमच्या महिपतीची आठवण काढा.