दोन्ही सारखंच

“अण्णा, हातच्या काकणाला आरसा कशाला? नवीन व्हर्जन आलंय म्हणजे जुन्यापेक्षा चांगलंच असणार की!”

जिनेश खुर्चीत मागे रेलला. तो ट्रस्टचा सेक्रेटरी. वयानं सुकुमारअण्णांच्या मुलासारखा, पण शेवटी खुर्ची त्याची होती.

“डेअरीला दूध घालतोस न्हवं?” अण्णांनी विचारलं.

“घालतोय की.”

“म्हैस तीच, गोठा तोच. तरी रोज फॅट लावत्यात का न्हाई? काल पास झालं म्हणून आज कोण तसंच घेतंय? आणि हे सॉफ्टवेअर तर आतनं बदललंय. मग त्याचं फॅट कुणी लावायचं रं?”

जिनेशला हसू आलं. अण्णांना मात्र हसायला होत नव्हतं. सांगलीतल्या त्या ट्रस्टकडे वर्षानुवर्षांच्या भजन स्पर्धांचा साठा होता. कुंडल, रहिमतपूर, पार जतपासनं बायका मांडवात येऊन गायलेल्या. त्यातल्या कितीतरी आता राहिल्या नव्हत्या. हे सगळं अण्णांनीच रेकॉर्डिंगच्या मशीनपाशी बसून टिपलेलं. मूळ कॅसेटींचा महापुरात चिखल झाला. नशीब, त्याआधीच अण्णांनी सगळं कॉम्प्युटरवर चढवलं होतं. आता जे काही होतं ते तेवढंच होतं.

ट्रस्टला हे सगळं मोबाइलच्या ॲपवर घालायचं होतं. फाइली अवजड, म्हणून त्या दाबून लहान करायच्या. ते काम करणाऱ्या सॉफ्टवेअरला एन्कोडर म्हणतात. त्याचं जुनं व्हर्जन अण्णांनी भर मांडवात पारखून घेतलं होतं. एकदा मूळ, एकदा दाबलेलं, असं लोकांना न सांगता ऐकवलं आणि हात वर करायला लावले. कुणालाच फरक कळला नाही, तेव्हा कुठं अण्णांनी मान हलवली. आता हे नवं व्हर्जन आलं, फाइल आणखी निम्म्यानं बारीक करणारं. कानामागून आली न् तिखट झाली, म्हणतात ना, तसलं. फाइली बारीक झाल्या की मूळच्या पुसून टाकायच्या, कारण त्यांना ठेवायला जागा नाही, असं ट्रस्टनं ठरवून टाकलं होतं.

“दाबलं की पहिला मार टाळाला बसतोय,” अण्णा म्हणाले. “गळा शाबूत राहतोय, टाळ मरतोय. भजनातनं टाळ गेला तर राहिलं काय?”

“नाकापरीस मोती जड झालाय, अण्णा. पण चला, तुमच्या मनासारखं करू. तुमीच ऐका. फरक वळखलासा तर मूळ फाइली ऱ्हाऊ द्यात, मी कमिटीला सांगतो. न्हाई वळखता आला तर तुमच्याच हातानं पुसायच्या. कबूल?”

“कबूल!” अण्णांनी टेबलावर हात आपटला.

का नाही म्हणतील? गजबजलेल्या मांडवात कोणत्या बाईचा टाळ मागं पडतोय, हे डोळे मिटून सांगणारा माणूस. त्यांच्या कानाची साऱ्या पंचक्रोशीत ख्याती.

जिनेशनं कुंडलच्या सुंदराबाईंचं भजन लावलं. सुंदराबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांच्यासारखा टाळ पुन्हा कुणी वाजवला नाही. एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजणार, कधी मूळ, कधी दाबलेला. कोणता कधी ते कॉम्प्युटर लपवून ठेवणार. अण्णांनी फक्त सांगायचं.

अण्णांनी हेडफोन चढवला. पहिला तुकडा झाला. दुसरा झाला. तिसऱ्याला त्यांनी डोळे मिटले, चौथ्याला हेडफोन हातानं कानावर दाबून धरला. ऐकू येत नव्हतं असं नाही. गळा येत होता, पेटी येत होती, टाळही येत होता. फरक तेवढा येत नव्हता. कपाळावर घाम आला तसा त्यांनी अंदाज ठोकायला सुरुवात केली. “मूळ. दाबलेलं. दाबलेलं. न्हाई, थांब, मूळ.”

निकाल पडद्यावर आला. निम्मं बरोबर, निम्मं चूक. नाणं उडवलं असतं तरी तेवढं जमलं असतं.

अण्णा पडद्याकडे बघत राहिले. जन्मभर कर्ण्यांच्या शेजारी बसण्याचं हे फळ असेल, की वयाचं? मनात कुणीतरी आतून कडी लावून घेतल्यासारखं झालं.

तेवढ्यात अण्णांच्या पत्नी गुणमालाकाकी डबा घेऊन दारात आल्या. दिवस बुडायच्या आत जेवायचा दोघांचा नेम. “आवं, सूर्य कललाय की! काय चाललंय तुमचं?”

“या काकी,” जिनेश म्हणाला. “अण्णांची परीक्षा चाललीया. तुमीबी ऐका की. दोन्हीत काय फरक वाटतोय का सांगा.”

काकींनी पदर सारून हेडफोन लावला. पहिला तुकडा ऐकताना त्यांची मान डोलली. दुसरा सुरू झाला आणि कपाळाला एक आठी पडली. त्यांनी वर बघितलं. समोर नवरा उभा होता, चेहरा उतरलेला, पडद्याकडे पाठ करून. पडद्यावर त्याच्या नावापुढं लाल फुल्या होत्या.

काकींनी हेडफोन काढून ठेवला.

“मला तर बाई दोन्ही सारखंच वाटतंय.”

अण्णांच्या जिवात जीव आला. गुणालाही कळत नाही! हिचा कान तर लहान पोरीसारखा तिखट, बोळात कुणाची गाडी आली ते घरात बसून सांगते. म्हणजे आपला कान गेलेला नाही. नवं व्हर्जनच चांगलं आहे. मग अडवून धरण्यात काय अर्थ?

दाबलेल्या फाइली तयारच होत्या. त्यांनी माउस हातात घेतला. मूळ फाइली पुसू का, असं कॉम्प्युटरनं विचारलं. त्यांनी हो म्हटलं. पुन्हा एकदा विचारलं, तेव्हाही हो म्हटलं. मग ओसरीवर बसून दोघं पोटभर जेवली.

ॲप सुरू झालं त्या दिवशी सकाळी काकी मेथी निवडत बसल्या होत्या. अण्णांनी मोठ्या हौसेनं मोबाइल पुढ्यात ठेवला आणि सुंदराबाईंचं भजन लावलं. गळा लागला, तशा काकी हसल्या. टाळ सुरू झाला, तसं त्यांचं हसू मावळलं. हातातली काडी तशीच राहिली. त्यांनी पटकन मान खाली घातली, पण अण्णांनी बघितलं होतं.

“काय झालं गं?”

“काय न्हाई. बेस हाय.”

“गुणा, माझी शपथ हाय.”

काकींनी हातातली काडी खाली ठेवली. “टाळ कसा तरीच वाजतोय. कढईत पाणी पडल्यावानी. चरचर, चरचर नुसती.”

“तिथं पण असाच वाजत होता?”

काकींनी मान डोलावली.

“मग तिथं का गप बसलीस? अगं, तू बोलली असतीस तर आज सगळं असतं की!”

“तुमचं तोंड बघवंना मला,” काकी म्हणाल्या. डोळे भरून आले होते. “परक्या माणसासमोर तुमाला खोटं पाडायचं व्हय मी?”

अण्णांना रागवायचं होतं. पण रागवावं कुणावर? त्यांनी मोबाइल उचलला, आवाज होता तेवढा मोठा केला आणि कानाशी धरला. ती चरचर तरी ऐकावी म्हणून जीव एकवटून ऐकत राहिले. सुंदराबाई गात होत्या, टाळ वाजत होता, आणि अण्णांना सगळं अगदी पहिल्यासारखंच ऐकू येत होतं.