अभ्यास दौऱ्याचा ठराव

निवृत्ती सचिव हा माणूस बाजारातून भाजी आणायची तरी आधी विषयपत्रिका काढील, असं चौसाळ्याच्या आसपास लोक म्हणायचे, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. गावच्या दूध संस्थेचं इतिवृत्त तो सव्वीस वर्षं लिहीत होता. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते मंजूर. संचालक निवडून येत, पडत, एकमेकांच्या उरावर बसत. निवृत्ती टेबलाच्या कोपऱ्यावर वही घेऊन तसाच. सचिवाला मत नसतं. सचिवाला कुणी सोबतही नेत नसतं. दरवर्षी चैत्रात गेवराईकडच्या जत्रेत कुस्त्यांचा दोन दिवस मोठा फड भरायचा आणि संस्थेचे सात पुरुष संचालक त्यांच्यातल्याच सर्जेरावांच्या जीपमधून तिकडं जायचे. दिवसा कुस्त्या, रात्री ढाबा आणि तमाशा. आल्यावर महिनाभर तेच किस्से. निवृत्तीनं ते सव्वीस वर्षं ऐकले आणि हसायच्या जागी तो हसला.

यंदाचं साल वाईट होतं. विहिरी तळाला गेल्या, गावाला टँकर लागला आणि संस्थेनं माळावर चारा छावणी उघडली. छावणीत साडेतीनशे जनावरं आणि त्यांच्यामागं घरोघरच्या बायका. दोन महिने त्या तिथंच पत्र्याखाली राहत होत्या, शेण काढत होत्या, चुली पेटवत होत्या. पुरुष मंडळी गावात राहून दुष्काळावर चर्चा करीत होती.

पण कुस्त्या काही दुष्काळासाठी थांबत नाहीत. यंदा रविवारची शेवटची कुस्ती बीडकडच्या मल्लाची कोल्हापूरच्या मल्लाशी लागली होती, आणि तालुक्यात दुसरा विषय नव्हता. चेअरमन आबासाहेबांनी निवृत्तीला बोलावून घेतलं.

"निवृत्ती, यंदा आखणी तू करायची. मागल्या बारीला ढाब्यावर जाऊस्तोवर मटण संपलतं, आन् तमाशाला गेलो तर अर्धा वग होऊन गेलता. तुझ्यावानी टायमाचं कुणाला कळत न्हाई. आन् यंदा तू बी चल बे आमच्यासंगं."

त्या "तू बी चल" पायी निवृत्तीला दोन रात्री झोप लागली नाही. बावन्न वर्षांचा माणूस, पण नवे कपडे मिळालेल्या पोरासारखा हरखून गेला. त्यानं ढाब्यावर फोन केला, लॉजवर केला, तमाशाच्या तंबूचं तोंड कुठल्या दिशेला आहे हेसुद्धा विचारून घेतलं. मग आबासाहेब म्हणाले, ह्याच्यावर सगळ्यांच्या सह्या घे.

"सह्या कावून?"

"मागल्या साली सटवा फुटलता. घरी जाऊन बायकूला सगळं वकला. सही असली म्हंजे कुणी फुटत न्हाई."

सटवा हा सात संचालकांतला सगळ्यात भित्रा. आता दुसऱ्या कुणी सह्या साध्या कागदावर घेतल्या असत्या. पण निवृत्तीच्या दृष्टीनं सही ही वस्तू इतिवृत्ताच्या वहीतच होत असते. सोमवारच्या तातडीच्या सभेत ठराव क्रमांक तीन झाला, छावणीला दुसरा टँकर मागण्याचा. त्याच्याखाली त्याच पानावर त्यानं सुवाच्य अक्षरात ठराव क्रमांक चार लिहिला. सातांनी न वाचता सह्या ठोकल्या. दोन महिला संचालकांच्या सह्या नेहमीसारख्या मागाहून छावणीवर जाऊन घ्यायच्या, आणि त्याही बिचाऱ्या वाचत नसत. सभेत मागचं इतिवृत्त वाचतात खरं, पण निवृत्तीनं दुसरी ओळ गाठायच्या आत आबासाहेब "कायम" म्हणून मोकळे होत.

घरी सांगायचं काय, तेही ठरलं होतं. बीडला टँकरसाठी दोन दिवस धरणं, रात्री तिथंच मुक्काम. निवृत्ती बायकोशी कधी खोटं बोलला नव्हता, म्हणून छावणीवर जाऊन त्यानं ते सिंधुबाईला एका दमात सांगितलं. तिनं एवढंच म्हटलं, "पाण्यापायी रातभर उघड्यावर बसनार तुमी?" आणि दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा त्याच्या हातात दिला. तो डबा निवृत्तीला फार जड झाला.

त्याच दिवशी मासिक सभा होती. संस्थेच्या खोलीत पेंडीची पोती रचलेली, म्हणून सभा छावणीवरच पत्र्याखाली घेतली. त्यामुळं झालं काय, की महिला संचालक चतुराबाई आणि केसरबाई आयत्याच हजर, आणि बाकीच्या बायकाही शेणाचे हात धुऊन मागं येऊन बसल्या. सातही संचालकांच्या बायका त्यांत होत्या. धरण्याची बातमी सगळीकडं झाली होती आणि बायकांना नवऱ्यांचा अभिमान वाटत होता. असा प्रसंग गावात वारंवार येत नसे.

सभा सुरू व्हायच्या आधी आबासाहेबांनी निवृत्तीला गव्हाणीमागं नेलं.

"हे बघ, जीपमधी आठच मावत्यात. आपल्या मंडळातल्या मन्मथप्पाचा साडू यायलाय, मल्लिकार्जुन. त्याची तमाशावाल्याशी वळख हाय. तवा तू राहा हितंच. छावणीवर बी कुणीतरी पायजे ना. पुढल्या साली तुला नक्की."

"बरं," निवृत्ती म्हणाला.

सव्वीस वर्षं तो "बरं"च म्हणत आला होता. पण वही उघडून तो उभा राहिला तेव्हा एका जत्रेपायी आपण एवढे हिरमुसलो, ह्याची त्याला स्वतःचीच लाज वाटत होती. मागच्या सभेचे ठराव एक, दोन, तीन त्यानं नेहमीसारखे पुटपुटत उरकले. आबासाहेब मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते, म्हणून "कायम" म्हणायचं राहून गेलं. पुढं चार होता. तो न वाचता पान उलटलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. निवृत्तीनं एकदा आबासाहेबांकडं पाहिलं, एकदा मागं बसलेल्या सिंधुबाईकडं पाहिलं. मग त्यानं चष्मा पुसला आणि खणखणीत आवाजात वाचायला घेतलं.

"ठराव क्रमांक चार. विषय, संचालक मंडळाचा अभ्यास दौरा. असे ठरले की, शनिवारी दुपारी दोन वाजता निघावे. चार ते सात, कुस्त्या. साडेसात वाजता ढाबा, मटण व भाकरी. मन्मथप्पा यांस वेगळ्या भांड्यातील शेवभाजी. थंड पेये माफक. साडेनऊ वाजता तमाशा. पुढील दोन रांगांत ओळखीचे लोक भेटतात, सबब तिसऱ्या रांगेत बसावे. मुक्काम लॉजवर, नळास चोवीस तास पाणी आहे. रविवारी शेवटची कुस्ती पाहून परत. पोटकलम ‘इ’: घरी विचारल्यास टँकरसाठी धरणे असल्याचे सांगावे."

पत्र्याखाली बायकांच्या माना एकदम नवऱ्यांकडं वळल्या. एक म्हैस तेवढी ओरडली.

"भाऊ," चतुराबाई शांतपणे म्हणाल्या, "ते पोटकलम ‘इ’ परत वाचा."

निवृत्तीनं परत वाचलं.

"पान फाड," आबासाहेब दातओठ खात पुटपुटले.

"फाडता येईना, आबासाहेब. ठराव तीन त्याच पानावर हाय, टँकरचा. ह्यो गेला की त्यो बी गेला."

"फाडायचं कावून म्हंते मी?" चतुराबाई म्हणाल्या. "ठराव लई चांगला हाय. मी दुरुस्ती सुचवते. संचालक खोडा, संचालकांच्या बायका, सचिवाची बायकू आन् महिला संचालक लिवा. संचालकांनी दोन दिस हितं जनावरांपाशी राहावं, शेण काढावं. बाकी सगळं तसंच."

"तमाशा बी?" मन्मथप्पांना राहवलं नाही.

"तमाशा बी. बघू तरी काय असतंय त्याच्यात. फकस्त कुस्त्यांच्या आधी लॉज घ्या. नळाला पाणी हाय म्हंता ना?" त्यांचा आवाज जरा बदलला. "दोन महिनं झालं, अर्ध्या बादलीत आंग धुतोय. आधी पोटभर आंगोळ. मंग कुस्त्या."

केसरबाईंनी अनुमोदन दिलं. निवृत्तीनं मताला टाकलं. सातही संचालकांच्या पाठीवर आपापल्या बायकोची नजर होती. पहिला हात सटवाचा वर गेला आणि बाकीचे त्याच्यामागून गेले. संस्थेच्या स्थापनेपासून एवढ्या खऱ्या अर्थानं एकमतानं काहीच मंजूर झालं नव्हतं. सभा संपताच सिंधुबाई उठली, निवृत्तीसमोरचा लाडवांचा डबा तिनं उचलला आणि ती निघून गेली.

शनिवारी सकाळीच जीप छावणीपुढं लागली. चालवायला मन्मथप्पांची सून गंगासागर. तिचं लायसन पक्कं होतं आणि सर्जेरावांचं तीन वर्षांपूर्वी संपलेलं. तिच्यासकट आत अकरा बायका, कपड्यांची गाठोडी आणि साबणाचा वास. निवृत्तीनं वेळापत्रकाचा कागद खिडकीतून चतुराबाईंना दिला, आंघोळीला प्रत्येकी वीस मिनिटं धरलेली, आणि तो बाजूला सरला. मागं सात संचालक शेणाची घमेली घेऊन उभे होते आणि त्याच्याकडं खाऊ की गिळू असं बघत होते. आता दोन दिवस ह्यांच्यात काढायचे, असं मनाशी म्हणत तोही एक घमेलं उचलायला वळला.

"भाऊ, चला की," चतुराबाई म्हणाल्या. "कागुद तुमीच वाचायचा. आमाला टायमाचं कळत न्हाई."

"आठच मावत्यात त्याच्यात," आबासाहेब मागून म्हणाले. "अकरा जणी बसल्यात आधीच."

सिंधुबाईनं नवऱ्याकडं पाहिलं नाही. तिनं शेजारचं गाठोडं मांडीवर घेतलं, तिच्यापलीकडची केसरबाई सरकली, केसरबाईपलीकडची सटवाची बायको सरकली, आणि कडेला वीतभर जागा झाली.

"मावत्यात," सिंधुबाई म्हणाली. "सरकलं की मावत्यात."

निवृत्ती चढला. दार लागेना, ते त्यानं हातानं धरून ठेवलं. चौसाळा मागं पडेपर्यंत सिंधुबाई त्याच्याशी बोलली नाही. मग तिनं डबा उघडला, सगळ्यांना एकेक लाडू वाटला, आणि शेवटचा त्याला दिला.