कॅप्टनचा पट्टा

आमच्या कडेगाव भागात फौजेतून कुणीही निवृत्त होऊन आला, की तो गावासाठी मेजर. माझे सासरे लालासाहेब हवालदार म्हणून घरी आले आणि दुसऱ्या दिवशी मेजर झाले. त्यांनी ही बढती बिनतक्रार घेतली आणि मळ्यातल्या काळ्या कुत्र्याचं नाव ठेवलं कॅप्टन. "बावीस वर्सं कॅप्टनांचं ऐकलं, आता कॅप्टननं माझं ऐकायचं," असं त्यांचं म्हणणं. कॅप्टन कुणाचंच ऐकत नाही, ही गोष्ट वेगळी.

साखर कारखाना सुरू झाला की आमच्या रस्त्याला पहाटेही उसंत नसते. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर येतात आणि गाणी इतकी मोठ्यानं लावलेली असतात, की ड्रायव्हरला स्वतःचा हॉर्न ऐकू येत नसेल. अशा रस्त्यानं मामा, म्हणजे सासरे, रोज पहाटे पाचला मळ्याकडे चालत निघतात. अंगात फौजेचं हिरवं-मातकट जॅकेट, डोक्याला काळी कानटोपी. उजव्या अंगाला चिकटून कॅप्टन, तोही काळाकुट्ट. हातात बॅटरी असते, पण लावत नाहीत. सवय नाही म्हणे.

आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई अंजना, गच्चीवरून त्यांना बघत उभ्या राहायच्या. लिंबाच्या झाडापुढं दोघंही दिसेनासे व्हायचे. मग मामा परत येईपर्यंत प्रत्येक ट्रॅक्टरच्या आवाजाला आत्यांचा हात थांबायचा आणि चहा उतू जायचा. आधी आधी मला हसू यायचं.

एके दिवशी कॅप्टन लंगडत आला. ट्रॉलीचं चाक त्याच्या पायाला घासून गेलं होतं. मामांनी स्वतः हळद लावली, दिवसभर त्याची समजूत काढली. चाक कॅप्टनच्या पायापाशी आलं, म्हणजे ते मामांपासून हातभरच लांब होतं. हे मामा सोडून घरातल्या सगळ्यांना कळलं. तेव्हापासून माझं हसू बंद झालं.

मी शिवणकाम करते. दोरे आणायला सांगलीला गेले, तेव्हा लाईट पडली की चमकणारी कापडी पट्टी घेऊन आले आणि मामांपुढं धरली. "जॅकेटला लावू?"

"फौजेत दिसायचं न्हाई, येवढंच शिकलो आमी," मामा म्हणाले. "आता म्हातारपणी लायटिंग करून फिरू व्हय? गणपती हाय का मी?"

आत्यांनी मला स्वयंपाकघरात ओढलं. "त्येंच्या नादी लागू नगंस. कुत्र्याला शिव. त्यो त्येंची उजवी बाजू सोडत न्हाई. कॅप्टन दिसला, की ह्यांचाबी जीव वाचंल."

पहिला पट्टा मी गळ्यात बांधायचा शिवला. नवरा जयराज मोटारसायकल घेऊन गल्लीच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि त्यानं लाईट लावली. "काय दिसतंय?" मी ओरडले. "तूच दिसतीयास," तो ओरडला, "कुत्रं कुठाय?" गळ्याच्या झुपकेदार केसांत पट्टी गडप झाली होती. मग मी फौजेचं जुनं कांबळं कापलं, छाती आणि पोटाभोवती बसेल असा रुंद पट्टा केला, दोन्ही कुशींवर पट्टी शिवली आणि जुन्या दप्तराचं बक्कल लावलं. परत लाईट लागली. "आयला," जयराज ओरडला, "गल्लीत यष्टी शिरली काय!"

कॅप्टन त्या दिवशी गल्लीतून असा चालला, की बाकीची कुत्री भुंकायची विसरली. मामांनी चारी बाजूंनी तपासणी केली, टाके ओढून पाहिले. "कॅप्टनला चालंल," ते म्हणाले. "त्यो ऑफिसर हाय."

पंधरा दिवसांनी, उजाडता उजाडता, दारात एक ट्रॅक्टर थांबला. वर मामा बसलेले, मांडीवर कॅप्टन. ड्रायव्हर भाऊसो आमच्याच गावचा. गाणं तसंच जोरात चालू.

"काकी, वळणावर म्होरं कायतरी लखलखलं," तो आत्यांना म्हणाला. "कचकन ब्रेक दाबला. बघतोय तर कुत्रं. आन् कुत्र्याच्या पलीकडं मेजर! त्यो पट्टा नसता तर..."

मामांचा चेहरा मात्र फुलून आला होता. "ऐकलंस का अंजना? समोर उभा हुतो, अंगावर लाईट, तरी ह्या गड्याला मी दिसलोच न्हाई! रिटायर होऊन नऊ वर्सं झाली, पन अजून जमतंय!"

मी, भाऊसो आणि कॅप्टन, तिघंही त्यांच्याकडं बघतच राहिलो.

आत्या ओल्या हातांनी पुढं आल्या. त्यांचा आवाज कधी चढत नाही, तेव्हाही चढला नाही. "बावीस वर्सं दिसला न्हाईसा. जयराज झाला तवा न्हाई, माझी आई गेली तवा न्हाई. त्यावर मी कवा बोलले का? बोलले न्हाई, कारन ती देशाची नोकरी हुती. पन आता तुमी मला दिसायला पायजे. रोज. लांबनं. अंधारातबी."

भाऊसोनं हळूच गाणं बंद केलं.

मामा खाली उतरले आणि आत गेले. संध्याकाळी ते माझ्या मशीनपाशी आले. हातातल्या जॅकेटची नीट घडी घातलेली होती.

"क्रांती, पट्टी उरलीया का?"

"हाय की मामा. छातीला लावू का पाठीला?"

"दोन्हीकडं," ते म्हणाले. मग घसा खाकरून, "टोपीलाबी घाल थोडी."

दुसऱ्या पहाटे मीही आत्यांबरोबर गच्चीवर गेले. दोघं लिंबापुढं गेले आणि नेहमीसारखे अंधारात बुडाले. तेवढ्यात मागून एक रिकामा ट्रॅक्टर गेला आणि रस्त्यावर दोन चकाकत्या आकृत्या उमटल्या, एक खाली, एक वर. "ते बघ," आत्या म्हणाल्या. दुसरा ट्रॅक्टर गेला, पुन्हा दोघं चमकले. मला इतका आनंद झाला, की मी लहान पोरीसारख्या टाळ्या वाजवल्या. कालव्याच्या वळणावर मात्र ते थांबले. आणि मामांनी, जन्मात कधी न लावलेली ती बॅटरी लावून, आमच्या गच्चीकडं तीनदा उघडझाप केली. आत्या रोज तिथं उभ्या असतात, हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. मी तर नाही.

आत्यांनी हात वर करून हलवला. मग त्यांच्याच लक्षात आलं, की या अंधारात तो तिकडून दिसणार नाही.

"क्रांती," डोळे पुसत, हसत त्या म्हणाल्या, "माझ्या पदरालाबी एक पट्टी शिव गं. मीबी त्येंना दिसाय पायजे."