सुधीरभावजींची चौकशी

खिशाच्या काठावर दोन तांबूस ठिपके… शाईचे नव्हेत, गंजाचे. गेटपासची क्लिप रोज त्याच जागी बसायची, तिचे दात कापडात उमटलेले, आणि स्मितानं त्यांवर लिंबू चोळलं, मीठ चोळलं, तरी ते आपले जागच्या जागी – म्हणजे पास काढून घेतला तरी त्याची खूण काढून घेता येत नाही तर, असं काहीसं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचाच राग आला. सकाळच्या पारी मोरीत बसून हे असले विचार! तिनं भावजींचा शर्ट पिळला, झटकला आणि बाल्कनीतल्या दोरीवर घातला. सीवूड्सच्या बाजूला अर्धवट इमारती उभ्या होत्या, नाक्यावर कंपनीची बस हॉर्न देत होती, आणि आत हॉलमध्ये सुधीरनं, तिच्या धाकट्या दिरानं, पेपरचं पान उलटलं. बसचा हॉर्न वाजला की तो पान उलटतोच.

दिवाळीनंतरची गोष्ट. जासईच्या कंटेनर यार्डात सुधीर सिलं तपासायला होता – आलेल्या कंटेनरचं सील शाबूत आहे की कुणी उघडून पुन्हा बसवलंय, एवढंच बघायचं – आणि एका शनिवारी तो अवेळी घरी आला, दारातच उभा राहून म्हणाला, "चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नका म्हणाले." "कसली चौकशी?" विलासनं, तिच्या नवऱ्यानं, विचारलं. "ते नाही सांगितलं, दादा." "बरं. हातपाय धू, जेवून घे." मग विलास स्वयंपाकघरात येऊन हळूच तिला म्हणाला, "आपण काही विचारायचं नाही हं. त्याला वाटेल तेव्हा तो सांगेल. आपण फक्त पाठीशी उभं राहायचं."

तर ते उभे राहिले. पाठीशी उभं राहण्यात एक सोय असते, माणसाचं तोंड दिसत नाही… ती त्याच्या आवडीची भरली वांगी करायची, भातावर तूप जरा जास्तच वाढायची, मुद्दाम दळण आणायला पाठवायची म्हणजे त्याला रिकामं वाटायला नको, आणि मग दळण आणायला पाठवलं म्हणून त्याला आणखीच रिकामं वाटत असेल का, या विचारानं दुपारभर घुसमटायची. घरात कुणी आजारी असावं तसं सगळं चाललं होतं – हळू बोलणं, पथ्याचं जेवण, आणि रोगाचं नाव कुणी घ्यायचं नाही. सोसायटीतले भेटले की हमखास, "काय सुधीर, सुट्टी वाटतं?" तो हसायचा. दर सोमवारी यार्डात फोन करायचा, "चौकशी सुरू झाली का, साहेब?" आणि पलीकडून "कळवू" आलं की फोन असा अलगद ठेवायचा, जशी काही त्या फोनचीच चूक होती.

आणि बिस्किटांचा डबा… नको, तो विषय नको, ती स्वतःला बजावायची. पण विषय नको म्हटलं की तोच येतो. निळा, परदेशी, झाकणावर फुलांची टोपी घातलेली बाई. गणपतीत सुधीरनं आणला होता, "यार्डातल्या एकानं दिला," म्हणाला होता, आणि साऱ्यांनी मिटक्या मारत बिस्किटं खाल्ली होती, मीही खाल्ली होती. मग त्यात रवा भरून मी तो फळीवर पुढेच ठेवला होता, दिसायला छान म्हणून. त्या शनिवारनंतर तो कुकरच्या मागे गेला. कुणी ठेवला? ठरवून नाही काही. भांडी लावता लावता हातानंच केलं… हाताला काय कळतं, म्हणा!

बेल वाजली. कराव्याची मासेवाली गोजरा, डोक्यावर टोपली. "ताय, बोंबील हायेत, ताजे. आनी आयक, खाली एक मानूस आलता, हातात बॅग. तुजे देराची चौकशी करत व्हता. मंग येतो बोलला."

स्मिताच्या हातातलं ताट तसंच राहिलं. चौकशी. बॅग. तिनं बोंबील न बघताच घेतले, दार लावलं आणि हॉलमध्ये येऊन जसंच्या तसं सांगून टाकलं, "भावजी, अहो, कुणीतरी आलं होतं खाली. तुमची चौकशी करत होते म्हणे. मग येतो म्हणाले."

सुधीर उठूनच उभा राहिला. "सुरू झाली?"

"तसं… म्हणजे, गोजरा म्हणाली. बॅग होती हातात."

"म्हणजे साहेबच. वहिनी, सुरू झाली!" इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याचा आवाज घरभर ऐकू आला. त्यानं दाढी केली. गंजाचे डाग असलेला शर्ट अजून ओला, म्हणून विलासचा पांढरा घातला, खांद्यात सैल. खुर्च्या सरळ केल्या, टीपॉयवरचा पेपर घडी करून खाली सरकवला, मग म्हणाला, "वहिनी, काहीतरी गोड करता? शिरा वगैरे?"

चौकशीला येणाऱ्याला शिरा! तिला हसू आलं आणि त्याच क्षणी ते ओसरलंही – मुलगी बघायला येणार असल्यासारखा हा माणूस तयार होऊन बसलाय, आणि येणारा विचारणार काय तर, तुम्ही चोरी केलीत का? पण तो खुशीत होता. निदान कुणी विचारणार तरी होतं. शिऱ्याला रवा हवा. तिनं स्टूल घेतलं, वर चढली, कुकर बाजूला केला, मागे हात घातला… आणि वळली तर सुधीर स्वयंपाकघराच्या दारात. तो डब्याकडे बघत होता, मग कुकरच्या मागच्या जागेकडे. "वेलची घाला हं," एवढंच म्हणून गेला.

दुपारी बेल वाजली तेव्हा दार त्यानंच उघडलं.

"सलाम, सुधीरभाई! सकाळी येऊन गेलो, पन कितवा मजला ते इसरलो, खालीच विचारत बसलो." उरणजवळच्या मोऱ्याचा अब्दुल्ला. यार्डात सुधीरच्याच पाळीला क्रेनवर असायचा. बॅगेतून त्यानं सुक्या सोड्यांची पुडी काढली. "घरच्यांनी दिलेत, वहिनी. म्हटलं, सहज जाऊन चौकशी करावी भाईंची. बरे हायेत ना?"

सुधीर खुर्चीत बसला. विलासचा शर्ट त्याच्या अंगावर अचानक आणखी सैल दिसायला लागला. "बरा आहे," तो म्हणाला. "तिकडे काही…?"

"आमाला काय सांगत नाय कोन. पन सगळे तुमची चौकशी करतात हां, रोज!" अब्दुल्लानं शिरा मनापासून खाल्ला, दोनदा घेतला, अल्ला सगळं ठीक करेल म्हणाला आणि उरणच्या गाडीसाठी घाईनं निघाला. भला माणूस. असा भला माणूस त्या दिवशी यायला नको होता.

स्मिता बश्या उचलायला लागली. गोजराचं एक ठीक, तिनं साधा शब्द साधेपणानं वापरला. पण आपण कानांनी ऐकलं ते काय, आणि पुढे पोचवलं ते काय… आपल्याच मनात ती दुसरी चौकशी बसलेली असणार, म्हणून तर.

"चुकलंच माझं, भावजी. उगाच तुम्हाला आशा लावली."

"नाही हो." तो खिडकीबाहेर बघत होता. "सगळेच करतात चौकशी. वॉचमन करतो, इस्त्रीवाला करतो, अब्दुल्ला बिचारा एवढा उरणहून येऊन करतो. बरं आहे ना? बरं आहे." मग तो तिच्याकडे वळला, आणि तिच्या लक्षात आलं की दिवाळीपासून आपण याच्या डोळ्यांकडे असं सरळ बघितलेलंच नाही. "वहिनी, तो डबा मागे का ठेवलात?"

ती हातातल्या बश्या एकावर एक नीट लावायला लागली.

"रागावलो नाहीये मी. पण मनात होतं तर विचारायचं होतं. दादा विचारत नाही, तुम्ही विचारत नाही, तिकडे साहेब विचारत नाहीत. ज्याला त्याला वाटतं, न विचारणं म्हणजे मोठे उपकार." तो खुर्चीत पुढे सरकला. "तुम्ही तरी करा ना माझी चौकशी. खरीखुरी. विचारा. काय असेल ते सांगतो."

तिनं बश्या टीपॉयवर पुन्हा ठेवल्या. प्रश्न तर साधा होता, चार शब्दांचा, कितीतरी दिवस जिभेच्या टोकावर तयार. हा 'हो' म्हणाला तर… हीच भीती होती आजवर, तिच्याभोवती वांगी भरली, तूप वाढलं, दळणं आणली. पण आता समोर तो बसला होता, सैल शर्टात, वाट बघत, आणि तिला पहिल्यांदाच दुसरीकडून गार वारा लागावा तसं झालं – हा 'नाही' म्हणाला तर? तर मग मी काय सांगू… डबा मागे कुणी ठेवला?

तिनं खुर्ची ओढली आणि त्याच्या समोर बसली.