त्यांच्यात तसं असतं

“पाण्यापाशी जायच्या आधी हाक मार. कोण आलंय, कुणाचं कोण, सगळं सांग. मगच पाऊल टाक,” इमूनानं बजावलं.

“का गं आई, आत दरवान बसलाय का?” तामिका हसली आणि तिनं गाडी सुरू केली.

इमूना तिच्या आईची बहीण. म्हणजे तिथल्या आदिवासींच्या रीतीनं आईच. लाल खडकातली ती घळ आणि तिच्यातलं पाणी सांभाळायचं काम इमूनाकडे तिच्या आजीकडून आलेलं. तामिका अॅडलेडला शिकून, तान्ह्या जेरोमला घेऊन परतली होती. उन्हाळा उतरला की इमूना त्याला घळीत नेणार होती, पाण्याला त्याची ओळख करून द्यायला. त्याआधीच कॉलेजातली मैत्रीण फ्रेया येऊन थडकली आणि घळ बघायचीच म्हणाली.

घळीशी पोचल्या तेव्हा जेरोमचं अंग तापलेलं लागलं. त्याच्या कपाळावर ओला रुमाल धरून तामिका सावलीत बसली. “तू हो पुढं,” ती फ्रेयाला म्हणाली. हाक राहून गेली. खरं तर राहून गेली नव्हती. फ्रेयासमोर खडकाशी बोलायची तिला लाज वाटली होती.

थोड्या वेळानं आतून किंकाळी आली. फ्रेया घसरून पडली होती. पाय मोडला होता.

वस्तीत तामिकाला कुणी काही बोललं नाही. आपल्या जागेत पाहुण्याला लागलं, की दोष ती जागा सांभाळणाऱ्याचा. इमूनानं केस मुळापासून कापून टाकले, घरातलं माणूस गेल्यावर कापतात तसे.

“एवढी वर्षं काय राखलंस गं तिथं? माश्या?” थोरली बहीण बिडी तिच्यावर कडाडली. “आणि पोरीनं हाक तरी मारली होती का?”

“मारली असेल. शिकलेली आहे ती,” इमूना म्हणाली.

तामिका खाली मान घालून जेरोमचा लंगोट बदलत राहिली. तो कोरडाच होता.

मग फ्रेयाला ठेवलं होतं त्या, अॅलिस शहरातल्या दवाखान्यात इमूना हट्टानं आली. खाटेशी उभी राहून आपल्या भाषेत म्हणाली, “सांग हिला, माझ्या जागेत तुला लागलं. माझं लक्ष कमी पडलं. माफ कर.”

तामिकानं ते इंग्रजीत सांगितलं.

“अगं, या का माफी मागताहेत?” फ्रेया गोंधळली. “घसरले मी!”

तेव्हा तरी सांगता आलं असतं.

“जाऊ दे गं,” तामिका म्हणाली, “त्यांच्यात तसं असतं.”

तेवढं इंग्रजी इमूनाला कळत होतं. तिनं एकदाच तामिकाकडे पाहिलं, रागानं नाही. मग फ्रेयाचं पांघरूण नीट केलं.

बाहेर आल्यावर ती गाडीत बसेना. “तू जा. कुठल्या तोंडानं उभी राहू आता तिथं?”

“आणि जेरोमला कोण नेणार?”

“बघेल कुणीतरी.” तिनं बाळाच्या तळव्यावरून बोट फिरवलं आणि ती नदीकडे चालू लागली.

तुम्ही कधी अॅलिसला गेलात, तर कोरड्या नदीच्या पात्रात झाडांखाली बायका बसलेल्या दिसतील. त्यांत कापलेल्या केसांवर हिरवी लोकरी टोपी घातलेली एक असेल. ती जेवलीय का, रात्री पांघरायला आहे का, तेवढं बघून या. तामिकानं विचारलंय, असं मात्र सांगू नका.